पहिली भिक्षा

बोलपटांविषयी काही लिहिण्याचा अधिकार मला आहे, असा माझा मुळीच दावा नाही. ज्याने उभी हयात प्राथमिक शाळेच्या फळ्यावर खडू झिजविण्यात घालविली, आणि त्यापूर्वी ज्याच्या कानांवर तबलापेटीपेक्षा रूपावलीचा घोषच अधिक पडला, अशा मनुष्याने चित्रपटाचे परीक्षण करावयास बसणे हा अव्यापारेषु व्यापारच होय. तथापि गेल्या आषाढात आमच्या घरी एक जुना बोलपट सर्वांनी मिळून पाहिला. त्यावर घरातील आबालवृद्धांची निरनिराळी मते पडली. आणि त्यांपैकी एका मताने माझी सुमारे साठ वर्षांची एक समजूत मुळापासून हलविली. ती हकीकत एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस अगदीच निरुपयोगी वाटणार नाही, अशा आशेने लेखणी हाती घेतली आहे.

आमचे घर कात्रपास आहे. बदलापूर स्थानकात उतरून पूर्वेकडे निघाले आणि बाजार मागे टाकला म्हणजे कात्रप लागते. मी येथे जागा घेतली त्या वेळी भोवताली भाताची खाचरे होती आणि पावसाळ्यात बेडकांच्या आवाजाने झोप लागत नसे. आज चहूंकडे उंच इमारती उभ्या आहेत. बेडूक कोठे गेले कोण जाणे. आमचे घर मात्र अद्यापि बैठेच आहे. आम्ही उभयता, दोन चिरंजीव, दोन सुना आणि तीन नातवंडे अशी नऊ पाने त्यात रोज एका पंक्तीस मांडली जातात. त्या आठवड्यात दहावे पान माझ्या धाकट्या बहिणीचे होते. ती इंदूरची. लग्नमुंजीवाचून तिचे आमच्याकडे सहसा येणे होत नसे. या खेपेस धाकट्या सूनबाईंच्या आग्रहावरून ती पंधरा दिवसांकरिता आली होती.

त्या दिवशी पहाटेपासून पावसाची झड लागली होती. कल्याणकडील आणि कर्जतकडील दोन्ही बाजूंच्या गाड्या बंद पडल्या होत्या, आणि उल्हास नदीचे पाणी किती चढले याचीच जो तो विचारपूस करीत होता. त्यामुळे दोघे चिरंजीव घरीच अडकले. मोठ्या नातवाच्या शाळेत स्नेहसंमेलनाकरिता ‘ऑलिव्हर’ या इंग्रजी संगीत नाटकातील एक प्रवेश बसविण्याचे घाटत होते. त्याने आम्हांस त्याविषयी पुष्कळ माहिती ऐकविली. डिकन्सने १८३७ ते १८३९ या काळात मासिकातून क्रमशः लिहिलेली ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी. तिच्या आधारे १९६० साली लंडनच्या रंगभूमीवर आलेले संगीत नाटक. त्यावरून १९६८ साली निघालेला बोलपट आणि त्यास मिळालेले सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक. तशीच अमेरिकेची ॲनी: १९२४ साली एका वर्तमानपत्रातील चित्रमालिकेत जन्मलेली ही पोरकी मुलगी १९७७ मध्ये रंगभूमीवर आली आणि १९८२ मध्ये पडद्यावर. एवढे सांगून तो मला म्हणाला, “आजोबा, आपल्याकडे नाहीच का असा, गाण्यांचा, अनाथ मुलांचा सिनेमा?”

“नाही कसा?” थोरले चिरंजीव मध्येच म्हणाले. त्यांस जुन्या गीतांचा मोठा नाद. “आज ‘बूट पॉलिश’ लावू या. आत्यालाही आवडेल.”

अशा रीतीने दुपारची जेवणे आटोपल्यावर दहाही माणसे माजघरात जमली.

ज्या तरुण वाचकांनी हा बोलपट पाहिला नसेल त्यांच्याकरिता कथानक थोडक्यात सांगतो. राज कपूर यांच्या आर. के. संस्थेने तो १९५४ साली काढला. दिग्दर्शक प्रकाश अरोरा. भोला आणि बेलू ही दोन भावंडे. आई वारल्यावर ती कमला नावाच्या चाचीच्या पदरी पडतात. ही बाई वाईट चालीची. ती मुलांना मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागावयास धाडते आणि मिळालेले पैसे काढून घेते. शेजारी जॉनचाचा नावाचा एक मनुष्य राहतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा तो अंमल असल्यामुळे चोरून दारू विकणे हा त्याचा धंदा. परंतु हाच मनुष्य मुलांना शिकवितो की, भीक मागू नका, हात कष्टासाठी आहेत. मुले पैपै लपवून ठेवतात, बूटपॉलिशची पेटी आणि ब्रश घेतात, आणि जोडे पुसू लागतात. चाचीस हे कळताच ती त्यांना मारझोड करून हाकलून देते. इकडे जॉनचाचास पोलीस धरून नेतात. मग पावसाळा येतो. चिखलात जोडे कोण पुसून घेणार? उपासमार सुरू होते. एका पावसाच्या रात्री कोणी एक नाणे फेकतो. भोला ते घेत नाही. भुकेली बेलू घेते. आणि भोला तिच्या मुस्कटात मारतो. पुढे पोलिसांच्या धाडीत ताटातूट होते. बेलू आगगाडीत चढते आणि गाडीतील एक श्रीमंत कुटुंब तिला आपली करते. भोला एकटा उरतो, काम मिळत नाही, आणि अखेरीस ज्याने बहिणीस नाण्याकरिता मारले तोच फलाटावर हात पसरतो. नेमकी त्याच वेळी समोर येते ती बेलू, नव्या आईबापांसमवेत. तो लाजेने पळत सुटतो, ती मागून धावते, जॉनचाचाही धावताना पडतो; तेव्हा कोठे भोला थांबतो. दोघांनाही त्या कुटुंबाचा आसरा मिळतो आणि कथा संपते.

बोलपट संपला तेव्हा बाहेर पाऊस तसाच कोसळत होता. चहा झाला आणि मते पडावयास सुरुवात झाली. आमच्या घरात मत नसणारा मनुष्य अद्यापि जन्मास आलेला नाही.

पहिले मत थोरल्या चिरंजीवांचे. त्यांच्या मते या बोलपटाचा प्राण म्हणजे शंकर-जयकिशन यांचे संगीत. तुरुंगातील प्रसंगाकरिता मन्ना डे यांनी अडाणा रागात म्हटलेले विनोदी गीत त्यांनी पुन्हा दोनदा लावून दाखविले, आणि अडाण्यासारख्या भारदस्त रागातून हसू कसे काढले यावर लहानसे व्याख्यानही दिले. गीतकार शैलेंद्र स्वतः एका गाण्यात पडद्यावर दिसतात, हेही त्यांनीच आम्हांस दाखविले.

धाकट्या चिरंजीवांस शेवट पटला नाही. ते म्हणाले, “इटलीत डी सिका यांनी १९४६ साली याच धंद्यातल्या दोन पोरांवर चित्रपट काढला. त्यात शेवटी एक पोरगा मरतो. तो खरा शेवट. इथं श्रीमंत माणसं आयत्या वेळी हजर! गरिबीचा प्रश्न दत्तक घेऊन सुटत असता तर आणखी काय हवं होतं?”

यावर आमच्या मंडळींनी त्यांस चांगलेच फटकारले. “मुलं सुखात पडलेली तुम्हांला बघवत नाहीत का रे? मला तो शेवट हवाच होता. मला खटकलं ते निराळंच. दारू विकणाऱ्याच्या तोंडी नीतीचे धडे कशाला?” तेव्हा मला बोलावे लागले. जॉनचाचाचे काम करणारे डेव्हिड हे आपल्याच कोकणचे, आडनाव चौलकर. चौल ज्यांचे मूळ गाव, त्या बेने इस्रायली समाजातील हे मराठी बोलणारे कुटुंब. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून या समाजास आपले लोक ‘शनवार तेली’ म्हणत. या भूमिकेबद्दल त्यांस फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटही हाच ठरला. मी सौभाग्यवतींस इतकेच म्हटले की, चिखलात उभा असलेला मनुष्यच दुसऱ्यास ‘इकडे खोल आहे’ असे खात्रीने सांगू शकतो. त्यांचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. त्यांनी कपबशा उचलल्या.

थोरल्या सूनबाई वकिली करतात. त्यांनी कायद्याची बाजू मांडली. गाडीत सापडलेले मूल कोणी परस्पर घरी नेऊ शकत नाही. त्यास चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते, आणि दत्तक देण्याची रीत ठरलेली आहे. नातवाने त्यास जोड दिली: “मग कुणी १०९८ ला फोन का नाही केला?” मुलांच्या मदतीची ही दूरध्वनी-सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली, म्हणजे बेलूच्या नंतर बेचाळीस वर्षांनी, हे सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला.

सर्वांत अडचणीत टाकणारे मत सात वर्षांच्या नातीचे. ती म्हणाली, “बेलूला भूक लागली होती ना? मग तिनं पैसे घेतले तर दादानं तिला का मारलं?”

कोणीच काही बोलेना, म्हणून उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले. शिक्षकाचा पिंड, प्रश्न समोर आला की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. शिवाय या विषयावर बोलण्याचा मला काही विशेष अधिकार आहे, अशी माझी समजूत होती. कारण मी स्वतः अनाथ. आणि मी स्वतः भिक्षा मागितलेली आहे.

माझे वडील आणि आई एका वर्षाच्या अंतराने गेली. १९६७ सालची गोष्ट. मी दहाव्या वर्षात होतो, बहीण सहा वर्षांची. काही महिने कल्याणास एका आप्तांकडे काढल्यावर आमची वाटणी झाली. शब्द कठोर आहे, परंतु दुसरा सुचत नाही. इंदूरची मावशी बहिणीस घेऊन गेली, आणि मला वाईस कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत ठेवण्यात आले. तेथे माधुकरी मागून शिक्षण झाले. पुढे जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा दिली, शिक्षकाची पदविका घेतली, आणि ठाणे जिल्ह्यात नोकरीस लागलो.

हल्लीच्या मुलांस माधुकरी हा शब्द समजत नाही, म्हणून तो मी नातीस उलगडून सांगितला. मधुकर म्हणजे भ्रमर. तो एकाच फुलावर बसून ते ओरबाडीत नाही. अनेक फुलांतील थोडाथोडा मध घेतो आणि फुलास इजा करीत नाही. तद्वत् विद्यार्थ्याने पाच घरी जावे, ‘भवति भिक्षां देहि’ म्हणावे, मिळेल ते घ्यावे आणि सहाव्या घरी जाऊ नये. कोठे मूदभर भात मिळे, कोठे आमटी, कोठे चतकोर पोळी. सगळे पितळी डब्यात एकत्र होई. एका घरी दर बुधवारी माझा वार लावलेला होता. त्या दिवशी पाटावर बसून ऊन अन्न मिळे. भीक आणि भिक्षा यांतील भेद हाच की, भिकारी भुकेसाठी मागतो, विद्यार्थी विद्येसाठी मागतो. भीक घेणारा ऋणी होत नाही, भिक्षा घेणारा समाजाचे ऋण डोक्यावर घेतो आणि पुढे विद्यादानाने ते फेडतो. मी असेही सांगितले की, ‘अनाथ’ हा शब्दही आपल्या लोकांस पुढे बोचू लागला. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली विधवांच्या शिक्षणाकरिता स्थापिलेली संस्था ‘अनाथ बालिकाश्रम’ या नावाची होती. गरीब विद्यार्थ्यांकरिता पुण्यात १९०९ साली निघालेले गृह ‘अनाथ विद्यार्थी गृह’ होते. आज एक महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था आहे आणि दुसरे पुणे विद्यार्थी गृह. दोन्ही संस्था वाढल्या आणि दोघींच्याही पाटीवरून ‘अनाथ’ हा शब्द गेला. आमच्या शेजारच्या उल्हासनगराचेही तसेच. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या छावणीत येऊन पडलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ साली राजगोपालाचारी यांच्या हस्ते हे नाव मिळाले. घरदार गमावलेल्या त्या लोकांच्या मुलांनी आगगाड्यांत गोळ्या-पेपरमिंट विकले, पण भीक मागितली नाही, असे माझे वडीलधारे सांगत. “तेव्हा बाळ,” मी समारोप केला, “भोलाने बहिणीस मारले ते पैशासाठी नव्हे. स्वाभिमान भुकेपेक्षा मोठा आहे, हे त्याला तिला शिकवावयाचे होते.”

याच्या जोडीला मी एक गोष्ट सांगितली. शाळेत ती मी वर्गामागून वर्गास, नावे न घेता, सांगत आलो आहे. एक पोरका मुलगा कल्याणच्या फलाटावर आपल्या बहिणीस निरोप द्यावयास गेला होता. गाडी सुटता सुटता मावशीच्या यजमानांनी खिडकीतून त्याच्या हातावर दहा रुपयांची नोट ठेवली. दहा रुपये त्या काळी थोडे नव्हते. मुलाने नोट पाहिली, आणि गाडीबरोबर धावत जाऊन ती खिडकीतून परत केली.

मुले नेहमीप्रमाणे स्तब्ध झाली. नात मात्र म्हणाली, “पण तिला भूक लागली होती.” आणि ती उठून आत गेली.

माझी बहीण या सर्व वेळात एक अक्षर बोलली नव्हती. तिचे मत कोणी विचारले तेव्हा ती म्हणाली, “छान आहे सिनेमा. ती छोटी फार छान काम करते.” बेबी नाझ हिच्या अभिनयाचा १९५५ साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात विशेष उल्लेख झाला होता, अशी पुस्ती थोरल्या चिरंजीवांनी जोडली, आणि भोलाचे काम करणारा रतनकुमार पुढे कुटुंबासह पाकिस्तानात निघून गेला, हेही सांगितले. “म्हणजे खरीच ताटातूट झाली,” एवढे बोलून ती देवापुढे दिवा लावावयास उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थोडा उघडला होता. ओसरीवर ती वालाच्या डाळिंब्या सोलीत बसली होती. मी वर्तमानपत्र घेऊन जवळ बसलो. काही वेळाने मान वर न करता ती म्हणाली,

“दादा, काल सगळ्यांची मतं झाली. माझं सांगू?”

“सांग की.”

“तुम्ही सगळे भोलाकडेच बघत होता. बेलूकडे कोणी बघितलंच नाही. ती गाडीत बसली, मोठ्या घरी गेली, झगा मिळाला, सुटली बिचारी, असं तुम्हांला वाटतं. तुलाही तसंच वाटत आलंय. मी सुटले आणि तू राहिलास.”

मी काही बोललो नाही. कारण ते अक्षरशः खरे होते.

“मला गाडीत बसवलं. खंडव्याला गाडी बदलायची होती, तिथं मावशीनं दूध घेऊन दिलं. मी अर्धं प्यायले आणि पेला तसाच धरून बसले. मावशी म्हणाली, संपव. मी म्हटलं, हे दादाचं. ती रागावली नाही. पदर तोंडाला लावून रडायला लागली. पुढं त्या घरात कधी गोड झालं की मी अर्धं वाटीत झाकून ठेवायची. ती वाटी मावशी उचलून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी न बोलता मलाच वाढी. किती वर्षं हे चाललं ते विचारू नकोस.”

तिच्या बोटांखाली डाळिंब्या सटासट सुटत होत्या.

“मावशीनं तुलाही आणलं असतं. दोन खोल्या, तिची तीन पोरं, काकांची गिरणीतली कारकुनी. नाही जमलं. पण सुट्टीत ये म्हणून ती लिहीत होती. मी लिहीत होते. प्रत्येक दिवाळीला एक कार्ड, भाऊबीजेला ये. तू एकदाही आला नाहीस.”

“माझ्या हाती दमडी नव्हती गं,” मी म्हणालो. “ओवाळणी काय घालणार होतो? आणि त्यांच्या घरी जाऊन फुकट जेवायचं...”

तेव्हा तिने प्रथमच मान वर केली.

“दादा, पाच परक्या घरची माधुकरी तुला चालली. बहिणीच्या पानातला घास तेवढा भीक कसा झाला?”

मला उत्तर सुचले नाही. छत्तीस वर्षे इतरांच्या प्रश्नांस उत्तरे दिली. या एका प्रश्नापुढे पाटी कोरी राहिली.

ती पुन्हा डाळिंब्यांकडे वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “तो भोला लाजून पळतो. पण निदान फलाटाच्या टोकाशी थांबतो. तू थांबलाच नाहीस. नोकरी लागली, लग्न झालं, घर झालं, तरी नाही. आलास तर माझ्या लग्नाला, साडी दिलीस आणि दुसऱ्या दिवशी परत. मावशी गेल्यावर आलास तोही पाहुण्यासारखा. माझ्या घरचं पाणीसुद्धा तू हिशेबानं प्यायलास.”

वाचकहो, मनुष्याच्या हातून आयुष्यात जे प्रमाद घडतात त्यांची टोचणी त्यास बहुधा असते. परंतु जी गोष्ट आपण आपले भूषण समजून मिरविली, शेकडो मुलांस आदर्श म्हणून सांगितली, तीच दुसऱ्या कोणाच्या आयुष्यातील जखम होती, असे उतारवयात कळणे यासारखी शिक्षा नाही. फलाटावर परत केलेली ती नोट मी साठ वर्षे स्वाभिमान म्हणून जपली. खिडकीच्या आत बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीस त्या वेळी काय दिसले असेल, हा विचार माझ्या मनास कधी शिवला नाही. तिला इतकेच दिसले की, आपल्या माणसांनी दिलेले दादाने झिडकारले आणि गाडी निघाली.

त्या रात्री झोप येईना. पाठशाळेत मुखोद्गत केलेले एक वचन आठवले. मनूची पुष्कळ वचने आज आपणांस मान्य होण्यासारखी नाहीत, आणि ती मान्य करावीत असे मीही म्हणत नाही. परंतु त्याच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याने पहिली भिक्षा कोणाकडे मागावी याचा क्रम सांगितला आहे. आईकडे, बहिणीकडे, अथवा आईच्या सख्ख्या बहिणीकडे. किंवा जी आपला अवमान करणार नाही अशा स्त्रीकडे. हा श्लोक मी विद्यार्थ्यांना अन्वयार्थासह कित्येकदा शिकविला आहे. मुंजीत आईच्या हातची भिक्षा मी घेतली. पुढे आई राहिली नाही. उरल्या त्या बहीण आणि मावशी. शास्त्राने सांगितलेली ही दोन्ही दारे माझ्याकरिता उघडी होती, आणि ती दोन्ही वगळून मी थेट परक्यांच्या दारी गेलो. परक्यांचे घेण्यात मला संकोच वाटला नाही, कारण तेथे विद्येचा आडपडदा होता. आपल्या माणसांपुढे मात्र आपण रिकाम्या हाताचे दिसू, हे मला सहन झाले नाही. याला मी स्वाभिमान म्हणत आलो. त्याचे खरे नाव निराळे आहे, आणि भोला फलाटावर पळत सुटतो तेही त्याच्याचपायी. तेथवर मी भोलास पुरता ओळखला होता; पुढे तो का थांबतो, हे मात्र मला बहिणीने शिकविले. बहीण मागून येत आहे हे दिसल्यावरही जो पळत राहील, त्याने भीक टाळली खरी, पण बहीणही टाळली.

आता माझे मत विचाराल तर धाकट्या चिरंजीवांचा आक्षेप मला मान्य नाही. ते म्हणतात, शेवट खोटा. श्रीमंत कुटुंब आयते भेटते. ते कुटुंब कदाचित खोटे असेल. खऱ्या आयुष्यात मावशीच्या दोन खोल्यांत दोघे मावत नाहीत, आणि म्हणून भावंडांची वाटणी होते. परंतु भोलाचे थांबणे खोटे नाही. ते केवळ अवघड आहे. आणि नातीच्या प्रश्नाचे उत्तरही मी चुकीचे दिले होते. दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून सांगितले, “तुझं बरोबर होतं. भोलानं मारायला नको होतं. तिला भूक लागली होती.” ती म्हणाली, “हो ना?” आणि खेळावयास गेली. मुलांना न्याय मिळाला की ती फार वेळ त्याचा उत्सव करीत नाहीत.

गेल्या दिवाळीत मी इंदुरास गेलो. हल्ली मुंबईहून इंदुरास थेट गाडी जाते. खंडव्यास उतरावे लागत नाही. भाऊबीजेच्या दिवशी तिने पाट मांडला, रांगोळी घातली, निरांजन लाविले. ओवाळणीचे पाकीट मी घरूनच भरून नेले होते. ते तबकात टाकले. तिने ते कपाळास लावून बाजूस ठेवले, मग उठली, देवघरातून पितळेची एक लहान डबी घेऊन आली आणि माझ्यापुढे उघडली. आत चौघडी घातलेली दहा रुपयांची जुनी नोट होती. घड्यांवर ती विरली होती.

“काकांनी ती खर्चली नाही,” ती म्हणाली. “मावशीनं ठेवली होती, तू आलास की द्यायची म्हणून. ती गेली तेव्हा डबी माझ्याकडे आली. घेतोस ना?”

पाटावर बसल्या बसल्या मी दोन्ही हात पुढे केले. तिने नोट माझ्या ओंजळीत ठेवली, आणि मग पान वाढावयास घेतले. त्या दिवशी तिच्या घरी बासुंदी होती. मी दोनदा मागून घेतली.